मे महिन्यातला सडा जिवंत असतो का?

सजीवांची लक्षणं आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षा झाली की सोडून देतो. सजीव पेशींचे बनलेले असतात, अन्न घेतात, श्वसन करतात, वाढतात, नको ते बाहेर टाकतात, हालचाल करतात, चेतनेला प्रतिसाद देतात, आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालतात. हमखास गुण देणारा प्रश्न. ही यादी घेऊन मे महिन्यात भर दुपारी रत्नागिरीजवळच्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जावं. पायाखाली जांभ्याचा काळपट कातळ, चपलेतूनही चटका देणारा. फटींमध्ये करड्या काड्यांचे झुबके, बोटांत चुरगळले तर भुगा होणारे. खोलगट जागी वाळून पापुद्रे सुटलेला चिखल. वाढ नाही, हालचाल नाही. श्वसन चालू असलंच तर साध्या उपकरणाला कळणार नाही इतकं. यादी लावून पाहिली तर शेरा एकच पडतो: निर्जीव.

मग मृगाच्या दोन-चार दमदार सरी पडतात. त्याच झुबक्यांतल्या काही काड्या एखाद-दुसऱ्या दिवसात हिरव्या होतात. नव्या फुटलेल्या नव्हेत, त्याच. मखमली लाल मृगाचे किडे कातळावर फिरायला लागतात, बिळांतून खेकडे वर येतात, खालच्या शेतांतून चढणीचे मासे पऱ्ह्याला लागतात. जूनमध्ये डिपकॅडी कोंकणेन्स हे पांढऱ्या फुलांचं, फक्त कोकणातल्या सड्यांवर वाढणारं कंदवर्गीय रोप डोकं वर काढतं. श्रावण-भाद्रपदात गेंद, तेरडा, कवला, सीतेची आसवं आणि किडे खाणारा दवबिंदू यांनी कातळ दिसेनासा होतो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत रिचवायचा आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे काढायचे, असा हा सगळा संसार.

मग मे महिन्यात ती काडी नेमकी काय होती? मेली होती आणि पुन्हा जिवंत झाली, असं म्हणायची सोय जीवशास्त्रात नाही. जिवंत होती म्हणावं, तर पेशी सोडल्यास यादीतलं एकही लक्षण ती दाखवत नव्हती. कातळ म्हणजे दगड, तो निर्जीवच. प्रश्न त्याच्या फटींत जे बसलेलं आहे त्याचा आहे. आणि हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. सड्यांचं काय करायचं याचे निर्णय सरकारदरबारी होतात, ते याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरावर उभे आहेत असं माझं म्हणणं आहे. त्याकडे येण्याआधी यादीचा हिशेब करू.

यादी सुटी सुटी तपासत गेलं की ती फसते, हे जीवशास्त्राच्या शिक्षकांना माहीत असतंच. खेचराला पिल्लं होत नाहीत, म्हणून त्याला कुणी निर्जीव म्हणत नाही. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे लागणारा वणवा घ्या. तो गवत खातो, प्राणवायू घेतो, राख आणि धूर टाकतो, वाढतो, वाऱ्यासरशी वळतो, आणि ठिणगी उडाली की शेजारच्या काजूच्या बागेत स्वतःसारखाच दुसरा वणवा जन्माला घालतो. आठांपैकी सहा-सात लक्षणं त्याने सहज पार केली. तरी तो सजीव नाही हे लहान पोरालाही कळतं. का कळतं, हे सांगणं मात्र अवघड जातं.

माझं उत्तर असं: वणवा स्वतःसाठी काही करत नाही. गवत संपत आलं म्हणून तो जपून जळत नाही, पाऊस येणार म्हणून निखारा झाकून ठेवत नाही. त्याला आत-बाहेर नाही, राखायचं असं काही नाही, म्हणून विझणं हे त्याच्या दृष्टीने नुकसानही नाही. सजीवाचं उलट असतं. त्याला एक हद्द असते, मग ते पेशीचं पातळ आवरण का असेना, आणि त्या हद्दीच्या आतली मांडणी बिघडू न देण्यासाठी तो सतत राबत असतो. जगाचा कल सगळं विस्कटून टाकण्याकडे आहे. या कलाविरुद्ध सजीव काही काळ टिकतो कसा, हा प्रश्न एर्विन श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली डब्लिनमधल्या व्याख्यानांत विचारला, आणि पुढच्याच वर्षी ‘व्हॉट इज लाइफ?’ हे पुस्तक आलं. सजीव आपली सुव्यवस्था भोवतालातून खेचून घेतो, असं त्याचं उत्तर होतं. त्यातला तपशील आता जुना झाला असला तरी मुद्दा टिकलेला आहे.

या जागेवरून पाहिलं की यादीतली आठ लक्षणं आठ राहत नाहीत. मोडतोड अखंड चालू असते म्हणून दुरुस्तीला माल आणि ऊर्जा लागते. तेच पोषण आणि श्वसन. दुरुस्तीत कचरा निघतो, तेच उत्सर्जन. बाहेर काय चाललंय हे कळल्याशिवाय सावरता येत नाही; तीच चेतनाक्षमता, आणि सावरणं हीच हालचाल, मग ते झाड एका जागी उभं राहून मुळं वळवत असेल. दुरुस्ती कधीतरी अपुरी पडणारच, म्हणून ती मांडणी कशी करायची याची कृती लिहून पुढच्याला द्यावी लागते, ते प्रजनन. जेराल्ड जॉइस या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने नासाने स्वीकारलेली व्याख्याही थोडक्यात हेच सांगते: स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. खेचर त्या व्याख्येत एकटं बसत नाही, ही तिची अडचण. पण खेचराच्या शरीरातली प्रत्येक पेशी राबते आहे, आणि मला वाटतं शेवटी निकाल राबण्यावरच लागतो.

आता पुन्हा त्या काडीकडे. ती तर राबतही नव्हती. मग माझंही उत्तर फसलं का?

सड्यावर ट्रायपोगॉन या वंशातलं बारीक गवत असतं. वाळताना त्याची पानं नुसती सुकत नाहीत, ती आवरतात. पाणी उतरू लागल्याचं कळताच अशा वनस्पतींच्या पेशींत साखर साठू लागते, प्रथिनांना चिकटून त्यांचा आकार बिघडू न देणारी खास प्रथिनं तयार होतात, पानं मिटतात. शेवटचं पाणी गेलं की ती साखर काचेसारखी घट्ट होते आणि पेशीतलं सगळं सामान जिथल्या तिथे गोठून राहतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी घरोघर आगोट भरतात, तशी ही उन्हाळ्याची आगोट. पेशीतलं बहुतेक सगळं पाणी गेलं तरी मांडणी शाबूत राहते, आणि पाणी मिळताच काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२३ साली पश्चिम घाट परिसरातल्या अशा ६२ वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी जेमतेम नऊ माहीत होत्या. त्यांतल्या १६ फक्त भारतात आढळतात, आणि सर्वांत जास्त भरणा ट्रायपोगॉनचाच. इतकी वर्षं त्या आपल्या पायाखाली होत्या, वाळलेलं गवत म्हणून.

हा प्रकार नवा नाही. १७०२ साली डेल्फ्ट शहरात अँटनी फान लेव्हेनहूकने छपराच्या पन्हळीतली कोरडी धूळ काचनळीत घेऊन वर पाणी घातलं, तेव्हा त्यात सूक्ष्म प्राणी पोहायला लागले. पुढे दीडशे-दोनशे वर्षं युरोपात वाद चालला की हे प्राणी मरून उठतात की कसं. डेव्हिड कीलिन या शास्त्रज्ञाने १९५९ साली या अवस्थेला ‘क्रिप्टोबायोसिस’ असं नाव दिलं. जगण्याची कुठलीही खूण दिसत नाही, चयापचय मोजता येत नाही किंवा थांबलेलाच असतो, पण तो थांबा परतीचा असतो. म्हणजे जीवन ही अखंड चालणारीच गोष्ट आहे असं नाही. ती थांबवता येते, मात्र एका अटीवर: मांडणी मोडता कामा नये. आणि ती मोडू नये यासाठीची मेहनत थांबण्याआधी करून ठेवावी लागते. ती काडी मे महिन्यात राबत नव्हती हे खरं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती जी राबली त्यामुळेच मे महिन्यात शाबूत होती. वणव्याला हे कधीच जमत नाही. माझं उत्तर फसलं नाही. उलट ते तपासायला सड्याइतकी चांगली जागा नाही.

थांबणं सगळ्यांनाच जमतं असं नाही, आणि इथे रत्नागिरीकरांच्या जिव्हाळ्याचा विषय येतो. भाताचं बी वाळवून कणगीत ठेवलं तर पुढच्या पेरणीपर्यंत गुपचूप पडून राहतं. आंब्याच्या कोयीला तो धीर नाही. ती वाळली की मरते. फळातून काढल्यावर काही आठवड्यांत मातीत गेली नाही तर संपलीच. तिच्याकडे थांबण्याची विद्याच नाही. तिला माहीत आहे ते फक्त रुजणं.

याचा भुर्दंड हापूसवाला दर हंगामात भरतो. वरून सोन्यासारखं दिसणारं फळ कापावं तर कोयीलगतचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट. त्याला आपण साका म्हणतो. पूर्वी दोष जमिनीच्या उष्णतेला दिला जाई, आणि उष्णतेचा हात त्यात आहेच. पण बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी कोयीकडेच बोट दाखवलं. फळ अजून झाडावर आहे आणि आतली कोय रुजण्याच्या तयारीला लागली आहे. त्यासाठी ती भोवतालच्या गरातून पाणी ओढते, आणि गराचं पिकणं बिघडतं. म्हणजे साका हा बुरशीचा किंवा किडीचा रोग नाही. आतला जीव आपल्या वेळापत्रकाने चालला आहे, आणि ते वेळापत्रक वाशीच्या बाजारपेठेशी जुळत नाही, एवढंच.

हाच उद्योग भाट्याच्या खाडीत कांदळ उघडपणे करतं. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, वीतभर आणि त्याहून लांब हिरव्या शेंगांसारखी रोपं फांद्यांना लोंबत राहतात आणि मग चिखलात किंवा पाण्यात पडतात. खाऱ्या पाण्यात बी रुजवण्याचा धोका पत्करण्यापेक्षा आईच्या अंगावरच सुरुवात केलेली बरी. खाडीत याला आपण अनुकूलन म्हणून पुस्तकात कौतुकाने चित्र छापतो. बागेत तशाच धडपडीला विकृती म्हणून फळ फेकतो. दोन्हीकडे बी एकच काम करतं आहे. फरक आहे तो कुणाच्या बाजूने पाहायचं याचा. आणि मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण सजीवाला स्वतःची बाजू असते हे यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. चिऱ्याला बाजू नाही. चिरा फुटला तर वाईट झालं ते घर बांधणाऱ्याचं. कोयीला मात्र बरं-वाईट आहे, तिला ते कळत नसलं तरी. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका न होणारा ‘रत्ना’ काढला, आणि पुढे रत्ना-हापूस संकरातून जवळजवळ बिनकोयीचा ‘सिंधू’. सिंधूमध्ये माणसाने कोयीची बाजू जवळपास पुसूनच टाकली. चव बरी आहे.

हापूस आणखी एका ठिकाणी यादीला कोड्यात टाकतो. कोय लावली तर हापूस येईलच अशी खात्री नाही. झाड येईल, पण आईसारखं नव्हे. म्हणून पोर्तुगीज काळापासून आजवर हापूस चालत आला तो फांदीवरून फांदीवर, भेट कलम आणि आता कोय कलम करून. रायवळाच्या मुळांवर हापूसची काडी, आणि ती काडी कुठल्यातरी जुन्या झाडाची. देवगडपासून दापोलीपर्यंतच्या बागांतला हापूस म्हणजे एक झाड किती वेळा जन्मलं असं मोजायचं, की एकच शरीर लाखो बुंध्यांवर पसरलंय असं? ‘स्वतःसारखा दुसरा जीव’ हे वाक्य लिहिताना यादीने ‘स्वतः’ आणि ‘दुसरा’ या दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. कलमाने दोन्ही सैल केल्या. निसर्गात या बाबतीत माणसाचं किंवा गायीचं नेमकेपण अपवादच म्हणायला हवं. बांबूचं बेट, खडकावरचं शेवाळ, दोन होणारा जिवाणू, यांच्यात ‘एक’ कुठे संपतो हे सांगणं कठीण.

आणि थोडं ताणून पाहिलं तर सगळी जीवसृष्टीच कलमी आहे. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासून येते. कुणीही नव्याने, मातीतून सुरुवात केलेली नाही. सजीवांची लक्षणं समान का असतात, याचं शाळेत कधी न सांगितलं जाणारं कारण हेच की सगळे सजीव एकमेकांचे नातेवाईक आहेत. संगमेश्वरजवळ तुरळ-राजवाडीचे गरम पाण्याचे झरे आहेत. तशा पाण्यात राहणारे जिवाणू, वर सड्यावरची गेंदाची फुलं आणि त्या कुंडात आंघोळ करणारी आपण माणसं एकाच लिपीत आनुवंशिक मजकूर लिहितो आणि एटीपी या एकाच चलनात ऊर्जेचा व्यवहार करतो. नातं इतकं जवळचं की यलोस्टोनच्या गरम झऱ्यातला थर्मस अ‍ॅक्वाटिकस, ज्याचं वर्णन टॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने १९६९ साली प्रसिद्ध केलं, त्याचं उष्णतेत टिकणारं विकर पुढे पीसीआर तंत्राचा आधार झालं आणि करोनाच्या चाचण्या त्याच तंत्राच्या वाटेने झाल्या. खुद्द विषाणू सजीव की निर्जीव हे मात्र वेंडेल स्टॅन्लीने १९३५ साली तंबाखूवरचा विषाणू मिठाच्या खड्यासारखा स्फटिकरूपात मिळवला तेव्हापासून लटकलेलंच आहे. तो कृती जपतो, पण राबत नाही. राबायला दुसऱ्याची पेशी लागते. मी त्याला सजीवांत धरत नाही, पण यावर कुणाशी भांडणारही नाही. ज्या जीवसृष्टीचा आपल्याला एकच नमुना ठाऊक आहे, तिच्या कडा रेखीव असाव्यात हा हट्टच चुकीचा.

सड्याच्या बाबतीत मात्र भांडायला हवं. सातबाऱ्यावर सड्याचा मोठा भाग पोटखराबा म्हणून लागलेला असतो, म्हणजे लागवडीला अयोग्य. महसुलाच्या दृष्टीने ही नोंद बरोबर आहे. पीक येत नाही तर सारा कशाचा? चूक पुढे होते. लागवडीला अयोग्य याचा अर्थ हळूहळू रिकामं असा होतो, आणि रिकामं म्हणजे कुणाचंही काही न बिघडवता काहीही करायला मोकळं. चिरेखाण, कारखाना, गाड्यांचा तळ. कागदावर तिथे बिघडण्यासारखं काही नसतंच. ग्लायफोक्लोआ रत्नागिरिका नावाचं एक गवत आहे, त्याच्या शास्त्रीय नावातच आपला जिल्हा आहे. महसुली कागदात त्याला रकाना नाही. गंमत म्हणजे याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेले प्राणी आता जगाला माहीत झाले आहेत. कशेळीचा साधारण १८ मीटर लांबीचा हत्ती, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, ही सगळी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. उत्तम झालं. पण दगडात कोरलेल्या हत्तीभोवती कुंपण घालायला आपण तयार आहोत आणि त्याच दगडावरच्या जित्या गवताची दखल घेत नाही, यात मला आपल्या यादीचाच दोष दिसतो. हालचाल दिसली नाही की आपण जीव मोजत नाही.

खाणींसारख्या प्रकल्पांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची जी ठरावीक कार्यकक्षा आहे, तीत हवा, पाणी, आवाज आणि माती यांच्याबरोबर वनस्पती आणि प्राण्यांचीही मूळ नोंद एका हंगामात करायला सांगितलेलं असतं. हंगाम कुठलाही चालतो, पावसाळा सोडून. हवेतल्या धुळीपुरतं हे शहाणपणाचं आहे, कारण पाऊस धूळ धुऊन टाकतो आणि आकडे खोटे दिसतात. पण तोच नियम सड्यावरच्या वनस्पतींना लावला की काय होतं? मार्च ते मे या काळात सर्वेक्षक येतो, प्रामाणिकपणे पाहतो, आणि जे दिसतं ते प्रामाणिकपणे लिहितो: विरळ वाळकं गवत, उघडा खडक. त्याच्या अहवालात एकही वाक्य खोटं नसतं. नियमानेच त्याला जीव थांबलेला असतानाच यायला सांगितलं होतं.

यावर कोकणातला बागायतदार विचारेल, आणि विचारायलाच हवं, की मग आम्ही काय करायचं? १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळालं तेव्हा याच कातळाला सुरुंग लावून खड्डे केले, दुसरीकडून माती आणून भरली, हंड्याने पाणी घालून कलमं जगवली. मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणारी घरं त्या कलमांनी उभी राहिली. ती कलमंही जिवंतच आहेत, आणि त्यांची बाजू घेणारी माणसं गावात आहेत. ट्रायपोगॉनची बाजू घेणारं कुणी नाही. हा प्रश्न जीवशास्त्र सोडवू शकत नाही. काय सजीव आहे हे ते सांगेल. दोन सजीवांत कुणाला जागा द्यायची हे ग्रामसभेला ठरवावं लागेल, आणि कधी ती कलमांच्या बाजूने ठरवील, तेही समजण्यासारखं आहे.

मागणं एवढंच की ठरवताना समोर दोन नोंदी असाव्यात. कोरड्या दिवसांतली एक, आणि जुलै ते सप्टेंबरमधली दुसरी. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. कार्यकक्षेत कातळसड्यांपुरती एका ओळीची दुरुस्ती पुरे. मोजायला माणसं इथेच आहेत: गोगटे-जोगळेकरसारख्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, दापोलीचं कृषी विद्यापीठ, आणि कुठल्या खळग्यात कुठलं फूल कधी येतं हे ठाऊक असलेले गुराखी. पावसात सड्यावर चालणं सोपं नाही, शेवाळावरून पाय सटकतो, वहीची पानं भिजतात आणि मोबाइल बंद पडतो. पण यादीतली आठही लक्षणं तेव्हाच एका जागी दिसतात.